दुसऱ्याचा कुत्रा आणि मगरींची सहल: या चुका टाळा

ऑस्ट्रेलियात केर्न्सला ओळखीच्या एका कुटुंबाचं घर आम्ही दहा दिवस सांभाळलं. घरात एक कुत्रा, एक मांजर. हॉटेलचे पैसे वाचले, पण सकाळ-संध्याकाळ कुत्र्याच्या नावावर गेली.

भारतातून पर्यटक व्हिसावर जाणार असाल तर एक गोष्ट आधी बघा. त्यावर सहसा ‘काम करायचं नाही’ ही ८१०१ क्रमांकाची अट असते, आणि एरवी ज्याचे पैसे मिळतात ते फुकट केलं तरी तिथे काम समजलं जातं. वेबसाइटवरून अनोळखी घर सांभाळायला घेण्याआधी व्हिसा खात्याला विचारून घ्या.

आमची मोठी चूक मगरींच्या दिवशी झाली. हार्टलीज क्रोकोडाइल अ‍ॅडव्हेंचर्स हे मगरींचं उद्यान केर्न्सच्या उत्तरेला साधारण ४० किलोमीटरवर आहे, म्हणून ‘दुपारी जेवायला घरी’ असा हिशेब केला. पण तळ्यातली बोटफेरी, काठीला टांगलेल्या कोंबडीवर उसळणारी मगर, मग मगरी पाळतात तो भाग... परतायला अंधार झाला. अशा दिवसासाठी शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. ‘कुत्र्याला नेऊ सोबत, गाडीत बसेल’ हा विचार तर करूच नका. तिथल्या उन्हात बंद गाडी काही मिनिटांत तापते.

दमून आलो आणि कुत्र्याची गोचीड तपासणी राहिली. ‘उद्या बघू.’ तो उद्या दोन दिवसांनी उजाडला. कानामागे केसांत बोट अडकलं: राखाडी, मसुरीच्या दाण्याएवढी टरटरलेली. पूर्व किनाऱ्यावरची ही गोचीड लकवा आणते. मागचे पाय लटपटणं, भुंकण्याचा आवाज बदलणं, उलटी, धाप ही लक्षणं. आमच्या कुत्र्याचा आवाज नुसता बसला होता. आम्हाला वाटलं, भुंकून भुंकून बसला असेल.

अशा वेळी गोचीड काढा आणि लगेच पशुवैद्याकडे न्या. काढली म्हणजे सुटलो असं नाही, त्यानंतरही त्रास वाढू शकतो. वाटेत खायला-प्यायला देऊ नका. गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं. रोज बोटांनी केसांच्या उलट दिशेने चाचपा. डोकं, मान, पुढचे पाय आधी, पट्ट्याखालीही.

दवाखान्यात पहिला प्रश्न आला, ‘खर्च कोण करणार?’ मालक विमानात. किती खर्चापर्यंत परवानगी, पैसे कोणाच्या कार्डावरून, हे निघण्याआधी लेखी घ्या. मालकाला विचारायला आपल्यालाच संकोच वाटतो, हे खरं. तरी विचारा.

कुत्र्याचं गोचीडनाशक मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराच्या जिवावर बेततं.

केन टोड हा आणखी एक ताप. उसावरचे भुंगे खातील म्हणून १९३५ मध्ये केर्न्सजवळच्या गॉर्डनव्हेलला हे विषारी बेडूक सोडले. भुंगे राहिले, बेडूक पसरले. पाऊस पडला की रात्री ते अंगणात येतात. कुत्र्याने तोंडात धरला, लाळ गळतेय, हिरड्या लाल झाल्यात, तर ओल्या फडक्याने जीभ-हिरड्या पुसा, दर वेळी फडकं धुऊन. पाइपचं पाणी घशात मारू नका. झटके आले तर थेट दवाखाना.

ओढ्याच्या मुखाशी किंवा खाडीकाठी कुत्र्याला फिरवणं, तेही संध्याकाळी, ही चूक आम्ही मगरी बघण्याआधी रोज करत होतो. पाण्यापासून किमान ५ मीटर लांब राहायचं आणि कुत्रा पट्ट्यातच ठेवायचा, अशी तिथल्या क्वीन्सलंड राज्य सरकारची सूचना आहे. हार्टलीजला बोटीच्या कडेला पाणी अगदी संथ होतं, आणि त्यातूनच मगर उसळून कोंबडी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी कुत्रा ओढ्याकडे ओढत होता. आम्ही त्याला रस्त्याच्या बाजूने फिरवलं.