केंद्रातील शाळांसाठी वर्षाची उद्दिष्टे कशी ठरवावीत

जवळपासच्या जिल्हा परिषद शाळांचे मिळून एक केंद्र असते. या शाळांच्या आराखड्यात ‘गुणवत्ता वाढवणे’, ‘गळती रोखणे’ ही वाक्ये हमखास असतात. वर्ष सरल्यावर ती साधली की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. मराठवाड्यात आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि ज्या पटावर उद्दिष्ट बेतले, तो पटच वर्गात उरत नाही. म्हणून उद्दिष्ट नुसत्या टक्क्यांत न मांडता मुलांच्या नावांनिशी मांडावे.

आधी मोजणी, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात

तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून वाचायला द्या. पातळ्या पाचच ठेवा: प्रारंभिक (अक्षरेही न ओळखणारी मुले), अक्षर, शब्द, सोप्या चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करावी. जमला तर गोष्ट, अडखळला तर शब्द. एका मुलाला पाच मिनिटे पुरतात. केंद्रात २४० मुले असतील तर २० तास होतात. १२ शिक्षकांनी वाटून घेतले तर प्रत्येकी १०० मिनिटे, म्हणजे एका सकाळचे काम.

शिक्षकांनी आपल्या वर्गाची मोजणी स्वतः करू नये, शाळा अदलाबदल कराव्यात. ‘त्याला येतं, आज बोलला नाही’ या मायेपोटी पातळी एक घर वर जाते. उतारे निदान तीन वेगवेगळे हवेत, नाहीतर रांगेतल्या मुलाला ऐकूनच पाठ होतो. बंजारा तांड्यावरच्या मुलांची घरची बोली गोरमाटी असते, देगलूर-बिलोलीकडे काही घरांत तेलुगू बोलतात. अशा मुलांच्या नावापुढे घरची भाषा लिहा. वाचन अडते आहे की मराठीच अजून कानावरून गेलेली नाही, हे त्यावरून कळते. उर्दू माध्यमाच्या शाळेला उर्दूच उतारे द्यावेत.

मग उद्दिष्टाचे वाक्य

समजा २४० पैकी ९६ मुले गोष्ट वाचतात, ४८ परिच्छेदावर, ४२ शब्दांवर, ३० अक्षरांवर आणि २४ प्रारंभिक आहेत. ‘सर्व मुले वाचू लागतील’ असे लिहू नका. असे लिहा: ‘परिच्छेदावरची ४० आणि शब्दांवरची २० मुले मार्चअखेर गोष्ट वाचतील, अक्षर व प्रारंभिक पातळीवरची सगळी ५४ मुले निदान एक पातळी वर जातील.’ मागे नावांची यादी जोडा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाचे तिसरीसाठीचे लक्ष्य, मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचणे, डोळ्यांपुढे असावे. पण अक्षरावर अडलेल्या मुलाला तिथवर नेणाऱ्या पायऱ्या आपल्यालाच ठरवाव्या लागतात.

अशी उद्दिष्टे वर्षाला तीनच घ्या: वाचन, हातच्याची वजाबाकी किंवा भागाकार, आणि उपस्थिती. दहा घेतली की शिक्षक अहवाल भरण्यातच अडकतात.

स्थलांतराचा हिशेब

इथेच आराखडे सर्वात जास्त फसतात. वरच्या उदाहरणात दिवाळीनंतर ४० मुले गेली आणि त्यांतली आठच गोष्ट वाचणारी होती असे धरा. उरलेल्या २०० मध्ये ८८ वाचणारी, म्हणजे ४० टक्क्यांचे ४४ झाले. एकही मूल नवे काही शिकलेले नाही, तरी कागदावर प्रगती दिसते. म्हणून भागाकार नेहमी जुलैच्या २४० नेच करा.

जाणाऱ्या कुटुंबांची यादी सप्टेंबरमध्येच पालकांना विचारून करा. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतली की जाणे ठरलेलेच असते. यादीचे तीन भाग पाडा: आजी-आजोबांकडे राहणारी, हंगामी वसतिगृहात राहू शकणारी आणि सोबत जाणारी. तिसऱ्या भागातल्या मुलांसाठी निघण्याआधी पुन्हा मोजणी करून पातळी शिक्षण हमी कार्डासोबत (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायला दिले जाणारे कार्ड) लिहून द्या, म्हणजे कारखान्याकडच्या शाळेला ती नव्याने शोधावी लागणार नाही. या मुलांचे उद्दिष्ट वेगळे ठेवा: परतल्यावर पातळी घसरलेली नसावी.

उपस्थिती

हजेरीपटावर विसंबू नका. महिन्यातून चार दिवस, आधी न सांगता, तिसऱ्या तासाला डोकी मोजा. त्यात एक दिवस आठवडी बाजाराचा असू द्या. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मुलींची संख्या वेगळी लिहा. धाकट्या भावंडांना सांभाळायला आधी मुलीलाच घरी ठेवले जाते.

वर्गखोल्या, शौचालयाला पाणी, कुंपण या गोष्टी उद्दिष्टांत मिसळू नका. त्या शाळेच्या हातात नाहीत. त्यांची स्वतंत्र यादी करून ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालायला ग्रामसभेत मांडा. ‘शौचालय आहे’ एवढे पुरत नाही, एप्रिलमध्ये तिथे पाणी असते का, ते लिहा.

समितीपुढे

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. बैठक रोजगार बुडणार नाही अशा वेळी, संध्याकाळी घ्या. कोष्टक वाचून दाखवण्यापेक्षा प्रत्येक पातळीचा उतारा पालकांपुढे ठेवा आणि त्यांचे मूल कुठे आहे ते एकांतात सांगा. चारचौघांत नाव घेतले तर पुढच्या बैठकीला ती आई येत नाही.

फेरमोजणी दोनदा करा: दिवाळीच्या सुट्टीआधी आणि मार्चअखेर, परतलेल्या मुलांची एप्रिलमध्ये. दिवाळीआधी जी मुले हलली नाहीत त्यांची उपस्थिती पहिल्यांदा तपासा, अध्यापनाची पद्धत त्यानंतर. सगळ्या याद्यांची एक प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात, दुसरी केंद्रशाळेत ठेवा. शिक्षकाची बदली झाली तरी येणाऱ्याला जूनमध्ये ती हातात मिळाली पाहिजे.