म्हाताऱ्या रॉकवाल्यांचा नवा अल्बम आला की मत कसं द्यायचं (लोकलमधून उतरायच्या आधी तर नकोच)

ऑक्टोबर २०२३, शुक्रवार सकाळ, नवरात्राचे दिवस, डब्यात निम्म्या लोकांचे कपडे एकाच रंगाचे आणि मी दाराजवळ कसाबसा उभा राहून दोनशे रुपयांच्या इअरफोनवर रोलिंग स्टोन्सचा नवाकोरा 'हॅकनी डायमंड्स' ऐकतोय. अल्बम ४८ मिनिटांचा, माझा प्रवास ३८ मिनिटांचा. शेवटची दोन गाणी राहिली, पण म्हटलं आता काय वेगळं असणार, आणि उतरायच्या आधी ग्रुपवर मत ठोकून मोकळा झालो: "८० वर्षांच्या जॅगरला कॉम्प्युटरने इस्त्री केलीये, सोडा."

रात्री एका मित्राने एवढंच विचारलं, चार्ली कुठल्या दोन गाण्यांत वाजवतोय ते ओळखलंस का?

स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्ये गेला. तो या अल्बमवर आहे हेच मला माहीत नव्हतं. च्यायला, कानाने ऐकलं म्हणून मत दिलं आणि कानाला काहीच ऐकू आलेलं नाही. तेव्हापासून अशा अल्बमांसाठी मी स्वतःपुरती एक पद्धत लावून घेतलीये, ती इथे टाकतोय, कारण दर दोन महिन्यांनी कुणी ना कुणी सत्तरी-ऐंशीतला बाबा नवा अल्बम काढतोय आणि त्याखाली तीच दोन मतं पडतायत, एक "आता बस करा आजोबा" आणि दुसरं "लेजंड आहे, प्रश्नच नाही". दोन्ही मतं अल्बम न ऐकताही देता येतात हीच खरी गोची.

तर आधी जागा. पहिलं ऐकणं घरी, स्पीकरवर किंवा बऱ्या हेडफोनवर, आणि सलग. शफल बंद. ॲपच्या सेटिंगमध्ये व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन असतं (सगळी गाणी साधारण एकाच आवाजात वाजवणारी सोय), ते चालू ठेवा, विशेषतः नवा अल्बम जुन्याशी ताडून बघणार असाल तर. हल्लीचं मास्टरिंग (रेकॉर्डवरचा शेवटचा हात) जोरात असतं, हळू भाग आणि मोठा भाग जवळजवळ एकाच उंचीवर आणून ठेवलेले असतात, सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डमध्ये तसं नसायचं. नॉर्मलायझेशन बंद असेल तर नवं गाणं अंगावर येतं आणि आपण ते एकतर "काय कडक वाजतंय" म्हणतो किंवा "कर्कश" म्हणतो, दोन्ही वेळा मत गाण्यावर नसून आवाजाच्या पातळीवर असतं. पहिल्यांदा ऐकताना फोन लांब ठेवा, गाण्यांची नावंसुद्धा बघू नका.

आता तुलना कशाशी करायची. सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात. डीप पर्पलचा नवा अल्बम आला की लगेच 'मशीन हेड' काढतात. अरे तो १९७२ चा. त्यातला ऑर्गनवाला जॉन लॉर्ड २०१२ मध्ये गेला, गिटारवाला ब्लॅकमोर १९९३ मध्येच बँड सोडून गेलाय, आणि तुम्ही २०२४ च्या 'इक्वल्स वन'ला त्याच्यासमोर उभं करताय. त्याऐवजी मागचे दोनतीन अल्बम ऐका. पर्पलच्या बाबतीत २०१३ च्या 'नाऊ व्हॉट'पासून सुरुवात करा, कारण तिथून बॉब एझ्रिन निर्माता म्हणून आला आणि बँडचा एक नवा काळच सुरू झाला. मग तुम्हाला खरा प्रश्न सापडतो: २०२२ मध्ये गिटारवाल्या स्टीव्ह मॉर्सने बँड सोडला, त्याच्या जागी सायमन मॅकब्राइड आला, तर फरक काय पडला? मला विचाराल तर बराच पडला. मॉर्सचं वाजवणं फार गुंफलेलं, सुंदर, पण कधीकधी गाण्याच्या पुढे धावणारं, मॅकब्राइड थेट रिफवर (गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्यावर) येतो आणि डॉन एअरीच्या ऑर्गनशी त्याची जुगलबंदी जास्त रांगडी लागते. 'पोर्टेबल डोअर' ऐका, कळेल. हे मत बरोबर की चूक ते सोडा, पण ते २०१७ आणि २०२० चे अल्बम शेजारी ठेवल्याशिवाय सुचलंच नसतं.

स्टोन्ससाठी असंच 'अ बिगर बँग', २००५ चा, स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्याआधीचा अल्बम तोच (मध्ये २०१६ ला एक आला, पण तो सगळा दुसऱ्यांच्या ब्लूज गाण्यांचा). पिंक फ्लॉइडवाल्या डेव्हिड गिलमोरसाठी २०१५ चा 'रॅटल दॅट लॉक'. पीटर गॅब्रिएलसाठी तर मागे २००२ पर्यंत जावं लागतं.

पुढचं म्हणजे गळा, आणि इथे मराठी कानाला खरं तर शिकवायची गरज नाही. ज्यांच्या घरात शास्त्रीय वाजायचं त्यांनी मल्लिकार्जुन मन्सूरांची सत्तरीनंतरची रेकॉर्डिंग ऐकलेली असतात, तिथे आपण "तरुणपणी आवाज जास्त चढायचा" अशी तक्रार घेऊन बसत नाही, बुवा आता काय मांडतायत ते ऐकतो. तोच कान इकडे आणा ना! रॉकवाल्याला मात्र आपण पंचविशीतली किंकाळीच मागतो.

पर्पलचा गायक गिलन 'इक्वल्स वन'च्या वेळी ७८ वर्षांचा. तो किंचाळायच्या भानगडीत फारसा पडत नाही, गाणी त्याच्या आत्ताच्या पट्टीत बेतलेली आहेत, अर्धं बोलल्यासारखं अर्धं गायल्यासारखं, आणि शब्दांत एक मिश्कीलपणा आहे तो आता जास्त नीट ऐकू येतो. बॉब डिलनचं तर अजून मजेशीर. २०१५ ते २०१७ मध्ये त्याने जुन्या अमेरिकन गाण्यांचे लागोपाठ तीन अल्बम काढले, शेवटचा तर तीन डिस्कचा, ३० गाणी, मी तेव्हा जाम वैतागलो होतो की हा बाबा सिनात्राच्या वाटेला का जातोय. मग जून २०२० मध्ये 'रफ अँड राउडी वेज' आला आणि ट्यूब पेटली, त्या तीन अल्बमांत माणसाने गळ्याला नवी शिस्त लावली होती, हळू गायचं, शब्द पूर्ण संपवायचा, खरखर लपवायची नाही. तो जवळजवळ रियाजच होता. 'मर्डर मोस्ट फाउल' १७ मिनिटं चालतं आणि कंटाळा येत नाही तो त्यामुळे, असं माझं ठाम मत.

उलट बाजूही सांगतो. जुडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड', मार्च २०२४, गायक रॉब हॅलफर्ड ७२ चा आणि पहिल्याच 'पॅनिक अटॅक'मध्ये वर जाऊन बसतो. भन्नाट आहे, पण स्टुडिओत एकेक ओळ वेगळी घेता येते, आवाजावर आवाज चढवता येतो, त्यामुळे "बघा अजून कसा गातो" असं लिहायच्या आधी त्याच टूरची एखादी लाईव्ह क्लिप बघा. तिथे जे उरतं त्यावर गळ्याबद्दल बोला, अल्बमवर गाण्याबद्दल बोला, दोन्हीची खिचडी नको.

आता श्रेयनामावली. कोण काय वाजवतंय, कोणी लिहिलंय, निर्माता कोण. दहा मिनिटांचं काम आहे आणि निम्मी मतं तिथेच सुधारतात. 'हॅकनी डायमंड्स'वर चार्ली 'मेस इट अप' आणि 'लिव्ह बाय द स्वोर्ड' या दोन गाण्यांत आहे, बाकी स्टीव्ह जॉर्डन. आता एक प्रयोग करा. चार्लीची एक जुनी सवय होती, स्नेअरवर (कडक आवाजाच्या ड्रमवर) काठी पडायची तेव्हा हाय-हॅटवरचा (झांजांच्या जोडीवरचा) उजवा हात तो उचलून घ्यायचा, म्हणजे एक, दोन, तीन, चार मधल्या दोन आणि चारला हाय-हॅट गप्प आणि फक्त स्नेअरचा फटका. त्यामुळे ठेक्यात एक इवलीशी पोकळी राहते, श्वास घेतल्यासारखी. 'मेस इट अप' लावा, आवाज कमी ठेवा, फक्त उजव्या हाताकडे कान द्या, मग लगेच जॉर्डनचं 'अँग्री' लावा आणि तिथे काय होतं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी हे रात्री साडेअकराला करत बसलो होतो, बायको म्हणाली तेच तेच काय लावतोयस, तिला म्हटलं गेलेल्या माणसाचा हात शोधतोय, ती काही न बोलता झोपली.

निर्मात्याचं बघा. अँड्र्यू वॉट, जन्म १९९०. ऑझी ऑस्बॉर्नचे शेवटचे दोन अल्बम त्याचे, २०२३ चा इगी पॉप त्याचा, स्टोन्स त्याचा, एल्टन जॉन आणि ब्रँडी कार्लाइलचा २०२५ चा त्याचा. शिवाय 'अँग्री'सकट तीन गाण्यांत जॅगर-रिचर्ड्सच्या शेजारी लेखक म्हणूनही नाव. म्हातारे लोक त्याच्याकडे का जातात ते कळतं, तो यांचा फॅन आहे, पटापट काम उरकतो, वर्षानुवर्षं रखडलेला बँड त्याच्या हाताखाली हलतो. पण हे सगळे अल्बम लागोपाठ ऐकले की सगळ्यांना एकाच न्हाव्याने कापल्यासारखं वाटायला लागतं, पुढे आणलेला आवाज, चकचकीत गिटार, कुठे कोपरा नाही. म्हणजे माझ्या त्या "इस्त्री"वाल्या मेसेजमध्ये तथ्य होतं, फक्त इस्त्री जॅगरने फिरवली नव्हती, आणि ती १२ गाण्यांपैकी सगळ्यांवर फिरलेली नव्हती.

पाहुण्यांची एक सोपी परीक्षा आहे: नाव लपवलं तर गाण्यात तो माणूस लागतो का? 'हॅकनी डायमंड्स'च्या 'बाइट माय हेड ऑफ'मध्ये बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीचा बेस आहे, घाणेरडा, खरखरीत, मस्त, तो काढला तर गाणं लंगडं होईल. पास. एल्टन जॉन पियानोवर आहे हे मला वाचल्यावर कळलं. नापास म्हणणार नाही, पण नुसतं कव्हरवरचं स्टिकर.

गॅब्रिएलचा 'आय-ओ' वेगळ्या कारणाने अवघड. २०२३ भर दर पौर्णिमेला एक गाणं सोडलं, डिसेंबरात अल्बम आला तोवर सगळी गाणी ऐकून झालेली, आणि वर प्रत्येक गाण्याची दोन मुख्य मिक्स (त्याच गाण्यातल्या आवाजांची वेगवेगळी मांडणी), ब्राइट-साइड आणि डार्क-साइड. १२ गाणी दोनदा. लोक २४ गाणी सलग ऐकतात आणि मग म्हणतात लांबलंय! एक बाजू निवडा आणि महिनाभर तीच ऐका. मी डार्क-साइड घेतली, तिथे ढोल-बास अंगाला जास्त लागतात, ब्राइट-साइड मला जरा ड्रॉइंगरूममधली वाटली.

गिलमोरचा 'लक अँड स्ट्रेंज' (सप्टेंबर २०२४) मात्र सावकाश घ्या. यात निर्माता चार्ली अँड्र्यू, अल्ट-जे या बँडचे अल्बम करणारा, म्हणजे पिंक फ्लॉइडच्या दरबारातला नाही, आणि त्याचा फायदा ऐकू येतो, सोलो आटोपशीर झालेत, मुलगी रोमनी 'बिटवीन टू पॉइंट्स' गाते ते तर अल्बममधलं माझं सगळ्यात आवडतं. पण शीर्षकगीत लावा. त्यातली कीबोर्ड पिंक फ्लॉइडच्याच रिक राइटची आहेत, २००७ मध्ये गिलमोरच्या कोठारात सगळे मिळून सहज वाजवत होते तेव्हाची, राइट पुढच्याच वर्षी गेला. जोडीला तो मूळ जॅमही दिलाय, सुमारे १४ मिनिटांचा. आधी गाणं ऐका, मग जॅम, मग पुन्हा गाणं. तिसऱ्यांदा ऐकताना राइटचे दोनतीन सूर मागे कुठे आहेत ते आपोआप दिसायला लागतात, कोजागिरीला ढगाआडून चंद्र दिसावा तसे, आणि मग हे गाणं संथ आहे की रेंगाळणारं आहे हा वाद घालायचा मूडच राहत नाही. तरी सांगतो, अल्बमचा मधला भाग मला अजूनही थोडा झोपाळू वाटतो.

लिहिताना दोन पथ्यं. "वयाच्या मानाने" हे शब्द वापरायचे नाहीत, ते कौतुक नाही, ते आजोबांना बसमध्ये दिलेली सीट आहे. आणि प्रत्येक मताला एक गाणं आणि शक्य असेल तर मिनिट जोडायचं, "दम नाही" असं मोघम नको, कुठल्या गाण्यात, कुठे दम संपला ते सांगा, मग समोरचा तिथे जाऊन ऐकतो आणि भांडण तरी चांगलं होतं. पहिल्या ऐकण्यानंतर आठवडाभर थांबा. आठवड्यानंतर भांडी घासताना कुठली चाल आपोआप तोंडात आली ते लिहून ठेवा, माझ्या तोंडात ती हमखास सिंगल सोडून भलतीच येते.

तर माझी ती राहिलेली दोन गाणी. 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन', सव्वासात मिनिटांच्या वर, लेडी गागा आणि स्टीव्ही वंडर, संपलं असं वाटतं आणि मग स्टुडिओतच कुणाला राहवत नाही म्हणून परत सुरू होतं. त्यानंतर शेवटी 'रोलिंग स्टोन ब्लूज', जुन्या ब्लूजवाल्या मडी वॉटर्सचं, ज्या गाण्यावरून बँडने नाव घेतलं तेच, फक्त मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स, एक गिटार, एक माउथ ऑर्गन, पावणेतीन मिनिटंसुद्धा नाहीत. इस्त्रीचा पत्ता नाही. ग्रुपवर दुरुस्तीचा मेसेज टाकला तोपर्यंत दिवाळी होऊन गेली होती. मित्राचं उत्तर आलं, "बरं. आता 'बिगर बँग' पण पूर्ण ऐक, तेव्हाही तू १६ पैकी ९ गाण्यांवरच बोलला होतास."