‘आई, आपली जात कोणती?’ : मुलांशी जातीबद्दल कसं बोलावं

हा प्रश्न बऱ्याच घरांत जूनमध्ये येतो. शाळेचा फॉर्म भरायला घेतलेला असतो, धर्म-जात-पोटजात असे रकाने समोर असतात, शेजारी बसलेलं मूल अक्षरं जुळवत वाचतं आणि विचारतं. नाहीतर वर्गात शिष्यवृत्तीचे अर्ज वाटले जातात, काहींना मिळतात, काहींना नाही, आणि संध्याकाळी घरी चौकशी होते. आईबाबांच्या तोंडून तेव्हा तीनपैकी एक उत्तर निघतं: ‘आपण जात मानत नाही’, ‘मोठा झालास की कळेल’ किंवा ‘असलं काही विचारायचं नसतं’.

तिन्ही उत्तरं चांगल्या हेतूने दिलेली असतात आणि तिन्ही फसतात. मानत नाही तर मग फॉर्मवर काय लिहिलं, हा मुलाचा पुढचा प्रश्न असतो. मोठं होण्याची वाट मूल बघत नाही. शाळेच्या व्हॅनमध्ये आणि मैदानावर मित्र जे सांगतील ते घेऊन घरी येतं. तिसरं उत्तर सगळ्यात घातक. त्यातून मूल एवढंच शिकतं की जात घरात असते, पण तिचं नाव काढायचं नसतं.

बोलायच्या आधी घर तपासा

सुरुवात स्वयंपाकघरापासून करा. ओट्याखाली किंवा बाल्कनीच्या कठड्यावर एखादा कान तुटलेला कप पालथा घातलेला आहे का? कामाला येणाऱ्या मावशींचा चहा त्यातच ओतला जातो, त्या तो स्वतः विसळून पुन्हा तिथेच पालथा घालतात. चार वर्षांचं मूल हे रोज बघतं आणि कोणी काही न सांगता त्याला नियम कळतो. असा कप असेल तर तो काढून टाका आणि घरातले सगळे ज्यात पितात त्यातच मावशींना चहा द्या, बसायला खुर्ची द्या. मुलाने विचारलं तर सरळ सांगा, ‘आधी आपण वेगळा ठेवायचो. ते चुकीचं होतं, म्हणून बंद केलं.’ मोठी माणसं आपली चूक दुरुस्त करतात, हेही मुलाला त्यातून दिसतं.

मग शब्द तपासा. ‘आपल्यातले आहेत’, ‘त्यांच्यात चालतं तसलं’, ‘आडनावावरून वाटत नाही हो’, ‘कोट्यातून आलेला दिसतोय’. यातलं एकही वाक्य मुलाला उद्देशून नसतं, पण ऐकतं तेच. आडनाव कळल्यावर ‘म्हणजे नेमके कुठले तुम्ही?’ असं खोदून विचारण्याची सवयही याच यादीतली. आणि जातींची नावं शिवी म्हणून वापरणं, मग ते गमतीत असो की रागात, आजपासून बंद.

आजी-आजोबा जुन्या वळणाचे असतील तर मुलासमोर त्यांच्याशी वाद घालू नका. मूल वाद लक्षात ठेवतं आणि मुद्दा विसरतं. पण गप्पही बसू नका. त्याच दिवशी, झोपायच्या आधी, दोन वाक्यांत सांगा: ‘आजी तसं म्हणाली, कारण तिला लहानपणी तसंच शिकवलं. मला ते बरोबर वाटत नाही, म्हणून आपण तसं वागणार नाही.’ आजीशी बोलायचं ते वेगळं, एकट्याने बोला.

तीन ते सहा वर्षं: डबा आणि रंग

या वयात ‘जात’ हा शब्द लागत नाही. लागतो तो डब्यावरचा संस्कार. शाळेत भेदभाव बहुधा सगळ्यात आधी डब्यातून येतो. कोणी सुकट-भाकरी किंवा अंडं आणतं, शेजारचं मूल नाक दाबून ‘शी!’ म्हणतं. तुमचं मूल नाक दाबणाऱ्यांतलं असेल तर सांगा: ‘आपल्याकडे ते बनत नाही, म्हणून तुला वास नवा वाटला. त्याच्या आईने ते प्रेमाने दिलंय. दुसऱ्याच्या डब्याला शी म्हणायचं नाही.’ ‘आपण शुद्ध शाकाहारी’ यातला ‘शुद्ध’ तेवढा गाळा, कारण तो शब्द दुसऱ्याला अशुद्ध ठरवतो.

रंगाचंही तसंच. ‘उन्हात खेळू नकोस, काळी होशील’ हे वाक्य प्रत्येक उन्हाळ्यात शेकडो घरांत बोललं जातं. ऊन लागेल म्हणून टोपी घाल, एवढं म्हटलं की काम होतं.

सात ते दहा वर्षं: शब्द स्पष्ट वापरा

आता व्याख्या द्या. पाच मिनिटांच्या वर जाऊ नका. साधारण अशी:

‘फार पूर्वीपासून आपल्याकडे जन्मावरून माणसांचे गट पाडले. कोणत्या घरी जन्म झाला त्यावरून काम काय करायचं, पाणी कुठे भरायचं, लग्न कोणाशी करायचं हे ठरवलं. काही गटांना वरचं म्हटलं, काहींना खालचं. ज्यांना सगळ्यात खालचं म्हटलं त्यांना शाळेत, देवळात, पाणवठ्यावर येऊ दिलं नाही. याला जात म्हणतात. हा अन्याय होता. आता कायद्याने अस्पृश्यतेवर बंदी आहे, तरी काही माणसं अजून तसं वागतात.’

मग आपली जात सांगा, रक्तगट सांगतो त्याच सुरात. आवाज खाली नेऊ नका आणि छातीही फुगवू नका. पुढचं वाक्य मात्र घराघरात वेगळं असणार. वरच्या समजलेल्या जातीच्या घरात ते असं: ‘आपल्या पणजोबांना पाणवठ्यावर कोणी अडवलं नाही. अडवणाऱ्यांत आपल्यासारखे लोक होते.’ दलित घरात असं: ‘आपल्या पणजोबांना अडवलं. कमी आपल्यात नव्हतं, अडवणारे चुकत होते. आणि आपल्या लोकांनी ते मुकाट्याने सोसलं नाही.’ मधल्या जातींच्या घरांत बहुतेकदा दोन्ही वाक्यं खरी असतात; दोन्ही सांगा. तिथे एकच सांगण्याचा मोह फार होतो.

उदाहरण म्हणून एक प्रसंग पुरतो, आणि तो मुलाच्याच वयाचा असावा. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलेला कोरेगावचा प्रवास यासाठी उत्तम. साल १९०१. भीमराव जेमतेम दहा वर्षांचा. भाऊ आणि भाचे यांच्याबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाला. नवे कपडे, आगगाडीचा प्रवास, सगळे खुशीत. मसूर स्टेशनवर उतरले, न्यायला कोणी आलं नाही. चौकशीत जात कळली आणि एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तेही बैल मुलांनीच हाकायचे आणि तो शेजारून चालणार, या अटीवर. जवळ डबा भरलेला होता, पण प्यायला पाणी कोणी दिलं नाही, म्हणून मुलं उपाशीच झोपली.

इथे थांबा. तात्पर्य सांगू नका. मूल स्वतःच विचारतं, ‘पण पाणी का नाही दिलं?’ त्याला विचारू द्या.

दुसऱ्या दिवशी महाड सांगा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला होता, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचं जाहीरही केलं होतं, तरी दलितांना तिथे पाणी घेता येत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर तळं ‘बाटलं’ म्हणून त्याचं शुद्धीकरण करण्यात आलं, आणि तळ्यावरच्या हक्काचा कोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडलं. कायदा झाला म्हणजे वागणं बदललं असं नसतं, हे मुलाला यातून नीट कळतं.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे ‘बिचारे’. मुलाच्या मनात कीव बसली की बरोबरी बसत नाही; म्हणून सोसल्याच्या गोष्टीबरोबर लढल्याची गोष्ट सांगायचीच. दुसरी, बाबासाहेबांना ‘त्यांचे नेते’ करून टाकणं. मुलीला घटस्फोटाचा आणि मालमत्तेचा हक्क देणाऱ्या हिंदू कोड बिलासाठी त्यांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, हे प्रत्येक घरातल्या मुलीला माहीत हवं.

मूल घरी वाईट शब्द घेऊन आलं तर

१. ओरडू नका. ओरडलं की शब्द जात नाही, फक्त तुमच्यासमोर बोलला जात नाही.

२. विचारा: कुठे ऐकलास, कोणाला म्हटलं, त्याचा अर्थ काय वाटला? बहुतेकदा अर्थ माहीतच नसतो.

३. अर्थ सांगा: ‘हे एका जातीचं नाव आहे. त्या जातीत माणसं आहेत. त्यांचं नाव शिवीसारखं वापरलं की त्यांचा अपमान होतो.’

४. तुमच्या मुलाने कोणाला म्हटलं असेल तर त्या मुलाची माफी मागायला लावा, पण वर्गासमोर नको. चारचौघांतल्या माफीत दुखावलेलं मूलच पुन्हा सगळ्यांच्या नजरेत येतं.

अकरा वर्षांनंतर: आरक्षण

‘त्याला कमी मार्क असून प्रवेश मिळाला’ हे वाक्य आठवी ते बारावीत एकदा तरी घरात येतं. भाषण देऊ नका, कागद घ्या. तीन ओळी आखा: पणजोबा-पणजी, आजी-आजोबा, आईबाबा. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: शिक्षण किती, जमीन किंवा घर कोणाच्या नावावर, काम काय, आणि अडचणीला हाक मारावी असं ओळखीचं कोणी कचेरीत, दवाखान्यात, कॉलेजात होतं का. हा कागद भरायला एक रविवार जातो, आजीला फोन करावा लागतो. भरला की विचारा, ‘ही पहिली ओळ पूर्ण कोरी असती तर तू आज कुठे असतास?’

मग आकडे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७, भटक्या-विमुक्तांना ११, विशेष मागास प्रवर्गाला २ आणि इतर मागासवर्गाला १९ टक्के आरक्षण आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के वेगळे. तेही आरक्षणच, हे मुलांच्या सहसा लक्षात येत नाही. आणि सुरुवात १९५० ची नाही: शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९०२ मध्येच मागास जातींसाठी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखल्या होत्या. एवढं झाल्यावरही मुलाला स्वतःची जागा हुकल्याचं वाईट वाटेल. वाटू द्या. ते दुःख खरं आहे; फक्त त्याचा राग शेजारच्या बाकावरच्या मुलावर काढायचा नाही, एवढं ठाम सांगा.

ज्या घरांना हे सोसावं लागतं

‘आडनाव सांगू नकोस’ हा सल्ला भीतीपोटी दिला जातो, पण मूल त्यातून लाज शिकतं. त्यापेक्षा वाक्यं पाठ करून द्या आणि घरी दोन-तीनदा बोलून घ्या. ‘कोट्यातून आलास का?’ याला: ‘हो, तो माझा हक्क आहे. अभ्यासाचं काय विचारायचंय?’ ‘तू तशी वाटत नाहीस’ याला: ‘तशी म्हणजे कशी?’ एवढा उलटा प्रश्न पुरे. उत्तर द्यायची इच्छा नसेल तर उठून निघून येणंही चालतं, हे आवर्जून सांगा.

शिक्षकांनी भर वर्गात ‘एससी-एसटीचे हात वर करा’ म्हटलं, वेगळं बसवलं, शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांना वेगळी वागणूक दिली, तर तोंडी बोलून थांबू नका. तारीख, तास, नेमके शब्द आणि हजर मुलं त्याच संध्याकाळी वहीत लिहा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का व तारखेसह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज नंतर कोणाला सापडत नाही. अर्जात शिक्षण हक्क कायदा २००९ चा उल्लेख करा: त्याच्या कलम १७ नुसार मुलाचा मानसिक छळही निषिद्ध आहे. दाद लागली नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाचा मोठ्या माणसाने चारचौघांत जातीवरून अपमान केला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. पोलिसांकडे जाण्याआधी वकिलाला ती वही दाखवा. वर्गमित्राने चिडवलं असेल तर मात्र आधी शाळा आणि त्याचे पालक, हाच मार्ग धरा.

पंधरा-सोळाव्या वर्षी मूल शेवटचा प्रश्न विचारतं, आणि तो सहसा जेवताना येतो: ‘मी दुसऱ्या जातीतल्या कोणाशी लग्न केलं तर?’ त्याचं उत्तर नवरा-बायकोने आधीच आपापसांत बोलून ठरवून ठेवा. खरोखर ‘हो’ असेल तर ‘हो’ म्हणा. नसेल तर खोटं ‘हो’ म्हणू नका. कशाची भीती वाटते ते सांगा, नातेवाइकांची, गावाची की स्वतःच्या मनाची. मग मुलाला बोलू द्या आणि ताट संपेपर्यंत उठू नका.