खाऱ्या पाण्याच्या टँकमधले मासे मरतायत? आधी हवा, मग तपास, औषध सर्वांत शेवटी

मासा मेला की बहुतेक जण दोन गोष्टी करतात: निम्मं पाणी बदलतात आणि दुकानातून मिळालेली कसलीतरी बाटली टँकमध्ये ओततात. दोन्ही उलट क्रमाने होतात. पाणी न मोजता बदललं की पुरावाच सांडपाण्यात जातो, आणि कारण न कळता औषध टाकलं की कोळंबी, गोगलगायी आणि लाइव्ह रॉकवरचे (टँकमधल्या खडकांवरचे, अमोनिया पचवणारे) बॅक्टेरिया मरून अमोनिया वाढतो. मग उरलेले मासे त्या अमोनियाने मरतात आणि दोष पहिल्या रोगाला दिला जातो.

पहिली दहा मिनिटं

वेव्हमेकरचं (पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाचं) तोंड वर वळवून पाण्याचा पृष्ठभाग चांगला हलता ठेवा, एअरस्टोन सोडा, खाणं बंद करा. कारण काहीही असलं तरी याने नुकसान होत नाही. खारं पाणी मुळात गोड्या पाण्यापेक्षा कमी ऑक्सिजन धरतं, आणि तापमान ३० अंशांच्या वर गेलं की आणखी कमी. एकच अपवाद: खोलीत नुकताच रंग दिला असेल, डासांचं लिक्विड किंवा कॉइल चालू असेल, तर एअर पंप दुसऱ्या खोलीत ठेवून नळी आणा. पंप त्या खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो.

मग स्वच्छ बाटलीत एक लिटर पाणी तपासणीसाठी काढून ठेवा. पाणी बदलायचं ते यानंतर.

मेलेला मासा लगेच फेकू नका. पांढऱ्या बशीत ठेवून उजेडात फोटो काढा आणि बाजारात बांगडा घेताना उचलतो तसे कल्ले उचलून पाहा. कल्ल्यांवर चिकट थर, फिकट ठिपके किंवा सूज दिसली तर संशय परजीवींवर. मात्र मासा काही तास पाण्यात पडून राहिला असेल तर कल्ल्यांचा रंग काहीच सांगत नाही. कुरतडलेल्या शेपटीवरून ‘मारामारी झाली’ असंही ठरवू नका, मेल्यावर खेकडे आणि कोळंबी कुरतडतातच.

कोण मेलं आणि कोण जगलं

कुठल्याही टेस्ट किटआधी हे पाहा. मासे मरतायत पण कोळंबी, गोगलगायी, कोरल ठणठणीत आहेत, तर पाणी बहुधा ठीक आहे आणि रोग माशांचा आहे. कोळंबी आणि खेकडे आधी गेले, तर विष, तांबं किंवा क्षारतेतला झटका. सगळ्यांत मोठा मासा पहाटे मेलेला सापडला आणि लहान जगले, तर ऑक्सिजन. काही तासांत सगळे गेले, तर ऑक्सिजन, विष किंवा तापमान. दोन-चार दिवसांत एकामागून एक गेले, तर व्हेल्वेट किंवा ब्रुकलिनेला, हे दोन परजीवी रोग. फक्त नवा मासा दोन दिवसांत गेला, तर बहुतेक वेळा प्रवास आणि टँकमध्ये सोडण्याची पद्धत.

या शेवटच्या प्रकाराबद्दल थोडं. मुंबई-चेन्नईहून रात्रभर बसने आलेल्या पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी पिशवीतल्या पाण्यात दोन तास ठिबक लावून ‘सवय करणं’ म्हणजे माशाला त्या विषात बसवून ठेवणं. पिशवी बंद ठेवूनच १५-२० मिनिटं टँकवर तरंगवा, उघडा, मासा काढून सोडा, पिशवीतलं पाणी फेका. यासाठी क्वारंटाईन टँकची क्षारता दुकानातल्या पाण्याएवढी आधीच करून ठेवावी लागते. दुकानदार पाण्याची क्षारता (विशिष्ट गुरुत्वाच्या मापात) अनेकदा १.०१८-१.०२० वर ठेवतात. तिथून थेट १.०२५ मध्ये टाकलेला मासा त्या दिवशी बरा दिसतो आणि दोन-तीन दिवसांनी मरतो.

मोजा

क्षारता १.०२५ ते १.०२६, तापमान २५-२७, पीएच ८.० ते ८.३, अमोनिया शून्य. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला लावून भागत नाही, ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणावर तपासा. काटा हलणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर फेकून द्या, त्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा खोटा येतो. अमोनियाच्या हिरव्या किटवर ०.२५ पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) सारखा हलका रंग दिसला तर घाबरण्याआधी ताज्या मिसळलेल्या खाऱ्या पाण्यावर तीच टेस्ट करा. तिथेही तोच रंग आला तर दोष किटचा. नायट्राइटकडे लक्ष देण्याची गरज नाही, खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे ते माशांना फारसं बाधत नाही. नायट्रेट ४०-५० पीपीएम असल्याने रात्रीत मासे मरत नाहीत.

गोव्यातल्या घरांत वारंवार सापडणारी कारणं

चवथीच्या आधी घर रंगवलं जातं, त्याच दिवसांत डास वाढतात आणि गल्लीत धूर फवारणी होते. लिक्विड आणि कॉइलमध्ये, आणि अनेकदा फवारणीतही, पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशकं असतात. माणसाला ती सौम्य असली तरी माशांना आणि कोळंबीला अतिशय विषारी. कोळंबी आडवी पडून पाय झाडत असेल, मासे वेडेवाकडे पोहत असतील, तर हाच संशय धरा: ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा, वीस-तीस टक्के पाणी बदला, खिडक्या उघडा. फवारणीची गाडी येते तेव्हा खिडक्या बंद आणि एअर पंप बंद, वेव्हमेकर चालू.

पावसाळ्यात वीज जाते. घरात पंख्यांसाठी इन्व्हर्टर असतोच, त्याच लाइनवर एक वेव्हमेकर जोडा. तो १०-१५ वॅट खातो, बॅटरीला कळतही नाही. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि दिवे जोडू नका. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) काही तास बंद राहिला असेल तर वीज आल्यावर तसाच सुरू करू नका. आतलं ऑक्सिजन संपलेलं, कुजलेलं पाणी सगळं टँकमध्ये येतं. आधी उघडून धुवा.

क्षारता घसरण्याचं कारण बरेचदा सवय असते. एप्रिलमध्ये रोज दोन लिटर पाणी उडतं, म्हणून रोज दोन लिटर गोडं पाणी घालायची सवय लागते. जूनमध्ये हवा दमट होते, पाणी उडणं कमी होतं, पण दोन लिटर चालूच. पाणी संपवरच्या (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीवरच्या) खुणेपर्यंतच भरा, लिटर मोजून नको. त्याच दमट हवेमुळे पंख्याने टँक थंड करण्याची युक्ती एप्रिलमध्ये दोन-तीन अंश देते आणि पावसाळ्यात जवळजवळ काहीच देत नाही.

समुद्राचं पाणी भरून आणणाऱ्यांनी मिरामार, करंझाळे, दोनापावला ही नावं विसरावीत. मांडवी आणि जुवारीची मुखं तिथेच आहेत, जून ते सप्टेंबर नद्यांचं पाणी समुद्राला गोडं करतं आणि सोबत गाळ येतो. सॉल्ट मिक्स वापरा: लिटरमागे ३५ ते ३८ ग्रॅम, पंप लावून २४ तास फिरवलेलं. त्यासाठी पाणी टीडीएस (विरघळलेले क्षार) पाचच्या खाली असलेलं हवं. पिण्याच्या आरओ यंत्रात चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात, ते पाणी तसं चालत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन, आणि विहिरीच्या पाण्यात इथल्या जांभ्यामुळे लोह येऊ शकतं.

व्हेल्वेट: इथेच सगळे फसतात

वरचं सगळं नीट आहे, कोळंबी मजेत आहे आणि तरी मासे जातायत, तर हा भाग दोनदा वाचा.

पांढरे ठिपके म्हणजे रोग आणि ठिपके नाहीत म्हणजे रोग नाही, हा समज जितके मासे मारतो तितके दुसरं काही मारत नसेल. व्हेल्वेट हा परजीवी आधी कल्ल्यांवर बसतो. अंगावर काही दिसायच्या आत मासा गुदमरून मरतो, आणि मेलेला मासा अगदी स्वच्छ, सुंदर दिसतो. मालक म्हणतो, ‘काल तर खात होता.’ हो, शेवटच्या दिवसापर्यंत खाऊ शकतो.

म्हणून ठिपके शोधू नका, श्वास मोजा. मासा स्थिर असताना कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात ते घड्याळ लावून मोजा. शंभराच्या बऱ्याच वर आणि नेहमीपेक्षा स्पष्ट जास्त असेल, मासा वेव्हमेकरच्या झोतात तोंड घालून उभा असेल, उजेड टाळत असेल, तर व्हेल्वेट धरून चाला. अंधारात बाजूने टॉर्च मारली तर कधीकधी अंगावर पिठासारखी सोनेरी-करडी धूळ दिसते. ठिपके मोजता येत असतील, मिठाच्या खड्यांएवढे असतील, तर तो मरीन इच, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी. इच सावकाश मारतो, पण त्याची एक फसवणूक आहे: चार-पाच दिवसांत ठिपके आपोआप गळतात. त्या वेळी जे काही टाकलेलं असतं, लसूण, ‘रीफ सेफ’ (कोरलला अपाय नाही असं सांगून विकलेली) बाटली, यूव्ही दिवा, त्याला श्रेय मिळतं. परजीवी फक्त वाळूत उतरून शेकड्यांनी वाढत असतो आणि पुढच्या फेरीत दुप्पट जोराने येतो. लसूण औषध नाही. क्लीनर कोळंबी इलाज नाही. रीफ सेफ म्हणून विकलेलं आणि व्हेल्वेट मारणारं असं काही मिळत नाही.

क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरट चिकट थर सोलून लोंबत असेल तर ते ब्रुकलिनेला. त्याला तांबं चालत नाही, फॉर्मेलिनची (फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणाची) आंघोळ लागते, वेगळ्या बादलीत, जोरात हवा सोडून, हातमोजे घालून, उघड्या जागेत आणि बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. फॉर्मेलिनच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ते वापरू नका, तो साका माशांना मारतो.

व्हेल्वेट आणि इच, दोन्हींना इलाज तांबं. मुख्य टँकमध्ये कधीच नाही: कोळंबी आणि कोरल मरतात, आणि रॉक व वाळू तांबं शोषून घेतात, त्यामुळे पातळी टिकत नाही. सगळे मासे, बरे दिसणारेही, वेगळ्या टँकमध्ये हलवा. ६०-८० लिटरची साधी काच, स्पंज फिल्टर, एअरस्टोन, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. वाळू नाही, रॉक नाही.

चिलेटेड कॉपर (दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं तांबं) २.० ते २.५ पीपीएमवर ३० दिवस ठेवायचं. इचसाठी दोन दिवसांत हळूहळू चढवा. व्हेल्वेटला तेवढा वेळ नसतो, २४ तासांत २.० गाठा. रोज मोजा, आणि ज्या प्रकारचं कॉपर वापरता त्याच प्रकाराला चालणाऱ्या किटने. चिलेटेडचे आकडे साध्या आयनिक कॉपरला लावले तर मासे मरतात, कारण त्याची मात्रा कितीतरी कमी असते. पातळी एकदा जरी २.० खाली गेली तरी ३० दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पाणी बदलताना नव्या पाण्यात आधीच तेवढंच कॉपर मिसळा.

कुळागरवाल्यांच्या घरी माड-पोफळीच्या फवारणीचं मोरचूद (कॉपर सल्फेट) पडलेलं असतं, ते चमच्याने अंदाजे टाकू नका. त्यात शुद्धता कळत नाही, मोजायचं किट वेगळं, आणि मारक व उपचारक मात्रेतलं अंतर फार थोडं.

या उपचाराच्या टँकमध्ये मासे तांब्याने क्वचित मरतात, अमोनियाने जास्त. रॉक नसल्यामुळे बॅक्टेरिया नसतात. स्पंज आधीपासून संपमध्ये टाकून ठेवलेला असेल तर उत्तम. पण व्हेल्वेट आल्यावर त्याच संपमधला स्पंज उचलू नका, परजीवी सोबत येतो. मग रोज अमोनिया मोजणं आणि पाणी बदलणं हाच मार्ग. अमोनिया ‘निष्प्रभ’ करणारं द्रावण कॉपर असताना टाकू नका. ही द्रावणं तांब्याशी अभिक्रिया करून ते जास्त विषारी करू शकतात.

रिकामा टँक

मुख्य टँक ७६ दिवस माशांविना ठेवा. यजमान मासा मिळाला नाही की परजीवी संपतो. एक लहानसा डॅमसेल ‘राहू दे, पकडता येत नाही’ म्हणून ठेवला तर ७६ दिवस वाया. रॉक काढावे लागले तरी काढा. कोळंबीला चिमूटभर खाणं देत राहा, म्हणजे बॅक्टेरियाही जिवंत राहतात. जाळी, बादली, हात, काहीही ओलं एका टँकमधून दुसऱ्यात जाऊ देऊ नका. व्हेल्वेट उडालेल्या तुषारांतूनही पसरतो, त्यामुळे दोन टँकमध्ये तीन मीटर अंतर ठेवा, शक्य असेल तर खोलीच वेगळी. या काळात नवं कोरल किंवा गोगलगाय आणली तर मोजणी त्या दिवसापासून नव्याने.

मासे परत सोडताना सर्वांत भित्रा आधी, भांडखोर टँग आणि डॅमसेल शेवटी. कॉपरचं पाणी विहिरीपासून लांब, शौचालयात ओता. माडाच्या आळ्यात, नाल्यात किंवा खाडीत नको. मेलेले मासे बागेत खोल पुरा, समुद्रात टाकू नका: दूरच्या समुद्रांतून आलेले परजीवी इथल्या किनाऱ्यावर सोडायचे नसतात.