गुळगुळीत खड्याला तार बांधताना

खड्याला भोक नाही, खाच नाही, कोपराही नाही. ड्रममध्ये सिलिकॉन कार्बाइडच्या पावडरीबरोबर आठवडेच्या आठवडे घोळवून काढलेला दगड तो. त्याच्यावर तार बसत नाही, घसरते. म्हणून शिकायला येणाऱ्याला मी पहिल्यांदा एकच सांगतो: वेलबुट्टी, भोवरे, पानं-फुलं सगळं नंतर. खडा उलटा धरून खडखडवला तरी जागचा हलता कामा नये, एवढं आधी जमवा.

मी वायरमन. लालबाग-परळच्या चाळींमध्ये आणि नंतर त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांमध्ये फिटिंगची कामं करण्यात आयुष्य गेलं. सून पेंडंटचे व्हिडिओ बघायची, तिला तार आणून देता देता मीच त्यात पडलो. सोनाराची विद्या माझ्याकडे नाही, आणि या कामात सोल्डरिंग लागतही नाही. लागतं ते तार कुठे ताणायची आणि कुठे सोडायची याचं भान. आपल्याकडे हे नवीनही नाही. घरातली मोत्यांची नथ उलटी करून बघा. बारीक तारेनं मोती मुख्य तारेला कसे जखडलेत ते नीट बघितलंत, तर अर्धा धडा तिथेच होतो. फरक इतकाच की मोत्याला भोक असतं.

आधी तारेचं. तांब्याची, मऊ, उघडी तार घ्यायची. मोटर रिवाइंडिंगची तार चकाकते म्हणून भुलू नका. तिच्यावर इनॅमलचा थर असतो, पक्कड लागली की तो खरवडला जातो आणि गॅसवर धरली तर घाण धूर सुटतो. पितळेची तार वाकवली की थोडी उलटी येते, हात बसेपर्यंत तिच्या वाटेला जायचं नाही. चांदीची तर नंतरच.

जाडीचा घोळ मात्र सगळ्यांचाच होतो. मुंबईत लोहार चाळीत किंवा तांबा काट्याला जाऊन तुम्ही ‘वीस नंबर’ मागितलीत, तर बहुतेक ठिकाणी एसडब्ल्यूजीची, म्हणजे ब्रिटिश मापाची, वीस नंबर मिळेल, म्हणजे ०.९१ मिलिमीटर. व्हिडिओतली अमेरिकन बाई ‘ट्वेंटी गेज’ म्हणते ती एडब्ल्यूजी, अमेरिकन मापाची, म्हणजे ०.८१ मिलिमीटर. एका दशांशानं काय बिघडतं? बिघडतं. गोल तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. हिशेब केलात तर ही तार तिच्या तारेपेक्षा दीडपटीहून जास्त ताठ निघते. तिची बोटं सहज वळतात आणि तुमची दुखतात, त्याचं कारण हे. तेव्हा नंबर सोडा, मिलिमीटरमध्ये मागा. खड्याभोवतीच्या सांगाड्याला ०.८ आणि तो बांधायला ०.३ ते ०.४. नंबरच सांगायचा झाला तर सांगाड्याला एसडब्ल्यूजी २१, नसेल तर २२.

बांधायची बारीक तार तर विकत घ्यायचीही गरज नाही. दीड स्क्वेअर एमएमच्या फ्लेक्सिबल वायरीत साधारण ०.३ मिलिमीटरचे २२ पदर असतात. कुठल्याही घराचं वायरिंग झालं की वीत-दीड वीत तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात, पण आपल्याला मीटरभर लांब तुकडा हवा, म्हणून वायरमनलाच सांगून ठेवा. (रिळातून उरलेला तुकडा म्हणतोय मी, भिंतीतला नव्हे.) वरचं प्लास्टिक सोलायचं, पदर सुटे करायचे, आणि एकेक पदर सुती फडक्याच्या घडीत दाबून दोन-तीनदा हलक्या हातानं ओढायचा. पीळ निघतो, तार सरळ होते.

हत्यारं नागदेवी स्ट्रीटला मिळतात. गोल तोंडाची पक्कड, चपट्या तोंडाची पक्कड आणि तार कापायचा निपर. यातली पक्कड आतून गुळगुळीत हवी. आमच्या कामाच्या पकडीला दाते असतात, ते तांब्यावर असे उमटतात की घासूनही जात नाहीत. तीच वापरायची असेल तर तोंडाला इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या. निपरची एक बाजू सपाट कापते, दुसरीकडे चिमटलेलं टोक राहतं. सपाट बाजू नेहमी दागिन्याकडे ठेवायची. आणि त्या निपरनं लोखंडी तार कापायची नाही, धार उडते. कापताना टोकावर बोट ठेवा, नाहीतर तुकडा डोळ्याकडे उडतो. जमिनीवर पडलेले तुकडे अनवाणी पायात घुसतात, आणि लोहचुंबक तांबं उचलत नाही. त्यासाठी कणकेचा गोळा फिरवायचा.

आता खडे. भुलेश्वरच्या गल्ल्यांत मण्यांच्या दुकानांमधून पाकिटं मिळतात, ऑनलाइनही मिळतात. पहिल्या कामाला अकीक (ॲगेट) घ्या. गुजरातमधलं खंभात हे अकीकाच्या कामाचं जुनं गाव. त्याच पट्ट्यात लोथलला हडप्पाकालीन मणी बनवायचा कारखाना उत्खननात सापडलाय. अकीक म्हणजे सिलिका, लाव्हारसातल्या वायूच्या पोकळ्यांत थराथरानं साचलेली. एक ते दहाच्या मोहस् मापावर कठीणपणा साडेसहा ते सात, त्यामुळे पकडीचा ओरखडा त्याच्यावर सहसा उठत नाही. जॅस्पर, ॲमेथिस्ट, टायगर आय हेही चालतील. फ्लोराइट दिसायला छान, पण कठीणपणा चार आणि ठरावीक पातळीत तडकतो. सेलेनाइटवर तर नखानंही रेघ उठते. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात सापडणारे झिओलाइटचे स्फटिक काचेच्या कपाटात ठेवायचे, गळ्यात नाही.

पाकिटात काचही निघते. चमचमणारा तपकिरी ‘गोल्डस्टोन’ ही काच आहे, आत तांब्याचे बारीक कण असतात. दुधी-निळसर ‘ओपलाइट’ बहुतेक वेळा काचच. भडक गुलाबी आणि भडक निळा अकीक रंगवलेला समजा. बांधायला काहीच हरकत नाही, फक्त काच आहे हे माहीत असावं. कुठला खडा कुठल्या ग्रहाला लाभतो ते मला विचारू नका.

आकार बघून घ्या. गोटीसारखा गोल खडा पहिल्यांदा नको. २५ ते ३० मिलिमीटर लांब, जरा चपटा, एका बाजूला निमुळता असा निवडा. हातात घेऊन डोळे मिटा आणि कडेनं नख फिरवा. कुठे पोट आहे, कुठे खांदा उतरतो, कुठे बारीकसा खळगा आहे, हे नखाला डोळ्यांआधी कळतं. त्या खळग्यात तार अडकवता आली तर अर्धी पकड फुकट मिळते. जड टोक खाली, निमुळतं वर. चांगली नक्षी कुठल्या बाजूला आहे ते ठरवून मागच्या बाजूला टेपचा ठिपका लावा, कारण काम करताना खडा इतक्या वेळा फिरतो की पुढचं-मागचं विसरायला होतं.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे मिठाईच्या पुड्याला दोरा बांधतात तसा. दोन तारा अधिक चिन्हासारख्या ठेवून मधोमध एक पीळ द्यायचा, खडा त्यावर ठेवून चार टोकं वर घ्यायची आणि डोक्यावर एकत्र पिळायची. पाच मिनिटांत होतो, आणि दोन दिवसांत खडा एका बाजूनं निसटतो, कारण चारही तारा घसरत एकीकडे गोळा होतात. म्हणून मी थेट तीन तारांचा सांगाडा शिकवतो. वेळ जास्त जातो, पण खडा पडत नाही.

दोरा घेऊन खड्याच्या कडेनं उभा घेर मोजा. २८ मिलिमीटरच्या खड्याचा तो आठेक सेंटिमीटर भरेल. त्यात वरची मान आणि साखळी ओवायची कडी यांसाठी १२ मिळवा. २० सेंटिमीटरचे ०.८ चे तीन तुकडे कापा, फडक्यातून ओढून सरळ करा आणि एकमेकांना चिकटून आडवे ठेवा. दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप. एकीवर एक तार चढली की पुढचं सगळं काम वाकडं, त्यामुळे इथे घाई नको.

मधोमध, म्हणजे १० सेंटिमीटरवर, बारीक तारेचे पाच वेढे. प्रत्येक वेढा दिला की चपट्या पकडीनं हलकेच दाबायचा. सगळे वेढे देऊन शेवटी एकदाच दाबला तर आतले वेढे सैलच राहतात. सुरुवातीचं आणि शेवटचं टोक दोन्ही त्या बाजूला संपवा जी खड्याला टेकणार आहे. हा झाला तळ. आता तीन तारांची ही पट्टी खड्याच्या कडेवर ठेवून बघा, तळाचं बांधणं बरोबर खालच्या टोकाला. दोन्ही बाजूंना जिथे पोट संपून खांदा सुरू होतो, तिथे मार्करनं खूण करा. पट्टी काढा, खुणांवर चार-चार वेढे द्या. ही दोन बांधणी पोटावर नको, पोटाच्या किंचित वर हवीत. मग सांगाडा खाली सरकू शकत नाही.

आता पट्टी कडेभोवती वळवा. इथे पक्कड बाजूला ठेवा, अंगठ्यांनी वळवा, खड्यालाच साचा करा. वर दोन्ही बाजू भेटल्या की तिन्ही-तिन्ही टोकं काटकोनात वर मोडा, खडा आत बसवा आणि मानेला बारीक तारेचे चार-पाच घट्ट वेढे द्या. तीन-तीनच्या दोन जुड्या झाल्या, सहा टोकं वर उभी. खडा अजून पुढून-मागून ढकलला तर निघेल. निघू दे.

पकड आता येते. दोन बांधण्यांमधल्या मोकळ्या जागेत पुढची तार चपट्या पकडीच्या टोकानं हळूच उचलून खड्याच्या तोंडावर दोन-तीन मिलिमीटर आत ओढा. तळ ते खांदा डावीकडे, मग उजवीकडे. समोरासमोरच्या जागा जोडीनं घ्या, एकच बाजू आधी पुरी केलीत तर खडा तिरका होतो. मग खांदा ते मान. उलटा करून मागच्या तारांचं तेच. मधली तार कडेवरच राहते. पुढे चार, मागे चार, अशा आठ जागी खडा धरला गेला. आत ओढताना तार कमी पडल्यासारखी वाटते, सांगाडा आवळतो, तेच हवं आहे. कुठे ढिली राहिली तर मागच्या बाजूला ती तार पकडीत धरून मनगट किंचित फिरवा. छोटासा वळसा पडतो आणि ढिलाई त्यात खपते. पण एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाकवू नका. तांबं वाकवलं की कडक होतं आणि मग तुटतं.

सहापैकी मधली दोन टोकं कडीसाठी. बॉलपेनावरून ती पुढून मागे वळवा, मानेला दोन वेढे द्या, छाटा. कडी एवढी मोठी हवी की साखळीचा हूक त्यातून जाईल. आधी साखळी घालून बघा, मगच टोकं छाटा. उरलेल्या चारांतली दोन मागे गुंडाळून संपवा. पुढच्या दोनांवर काय ती हौस भागवा. गोल पकडीनं टोकाला बारीक भोवरा करून तो चपट्या पकडीत आडवा फिरवत न्यायचा, सुनेला हे माझ्यापेक्षा छान जमतं.

मग परीक्षा. पेंडंट कानाजवळ नेऊन हलवा. बारीक ‘टिक’ जरी आली तरी कुठेतरी खडा हलतोय. दुसरी, जुन्या शिफॉन साडीचा पदर सगळीकडून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे टोक उघडं आहे. ते पकडीनं आत दाबा, वरून नेलफाइल फिरवा. पदराला जे लागतं ते गळ्यालाही लागतं.

सांगाडा फसला तर तार फेकू नका. खडा काढा, तार सरळ करा, स्वयंपाकघरातला दिवा मालवून गॅसवर धरा. मंद लाल दिसली की पाण्यात टाका. पोलाद असं बुडवलं की कडक होतं, तांबं मऊच राहतं. वर आलेला काळा थर चिंच-मिठानं निघतो. खडा तारेत असताना हे अजिबात करायचं नाही, तापून तडकेल.

जुनाट काळपट रंग हवा असेल तर उकडलेलं अंडं कुस्करून डब्यात ठेवा, शेजारी पेंडंट, झाकण घट्ट, रात्रभर. अंड्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडनं तांबं काळवंडतं. मग ०००० नंबरच्या बारीक स्टील वूलनं उंचवटे घासा. खोबणीतला काळा राहतो आणि वेढे उठून दिसतात. आमच्या मजल्यावर शाकाहारी शेजारी आहेत, त्यामुळे तो डबा खिडकीबाहेरच्या जाळीत असतो.

मुंबईच्या घामात उघडं तांबं मानेवर हिरवं उमटतं. ते धुतलं की जातं, पण नको असेल तर मागच्या बाजूला पारदर्शक लॅकरचा पातळ हात द्या. पावसाळ्यात झिपच्या पिशवीत, हवा काढून ठेवा. काळवंडलं तर लिंबू चालतं, मात्र मॅलेकाइटसारख्या खड्याला लिंबू किंवा चिंच लावायची नाही, पॉलिश जातं. आणि कानातले करायचे असतील तर खडा तांब्यात बांधा, पण कानात जाणारा हूक ९२५ चांदीचाच घ्या.