व्हॅनवाल्या काकांना काय द्यायचं? एप्रिल संपायच्या आत ठरवा

एप्रिल आला की आमच्या स्कूल व्हॅनच्या ग्रुपवर मेसेज पडतोच, काकांना काहीतरी द्यायला हवं ना, काय देऊया? मग कोणी म्हणतं मिठाई, कोणी म्हणतं भिंतीवरचं घड्याळ, दोन दिवस चर्चा होते आणि शेवटच्या दिवशी कोणीतरी ऑफिसमधून येताना काचेच्या ग्लासांचा सेट उचलून आणतं. माझी मुलं सात वर्षं पुण्यात वारज्याहून कर्वे रोडच्या बाजूला व्हॅननेच शाळेत जातायत. एवढ्या वर्षांत काय उपयोगी पडलं आणि काय नुसतं माळ्यावर गेलं ते बघितलंय म्हणून लिहितेय, कोणाला तरी कामी येईल.

सगळ्यात आधी काकांचं नाव विचारा. खरंच सांगते, बऱ्याच जणांच्या फोनमध्ये नंबर "व्हॅन काका" असाच सेव्ह असतो. नाव काय, गाव कुठलं, घरी कोण कोण आहे, मोठा सण कुठला, आणि गाडी स्वतःची आहे का मालकाची. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण गाडी मालकाची असेल तर तुम्ही महिन्याला भरता ते पैसे मालकाकडे जातात आणि काकांच्या हातात पगार येतो, तोही शाळा चालू असेल तेव्हाच.

मग एक आठवडा त्यांचा दिवस नीट बघा. साडेसहाला आपल्या गेटवर हॉर्न वाजतो म्हणजे ते पहाटे पाचला उठलेले असतात. सकाळच्या फेऱ्या, मग शाळेबाहेर सावली मिळेल तिथे गाडी लावून डबा, मग सुटलेल्या मुलांची फेरी, मग दुपारच्या शाळेची मुलं, की परत संध्याकाळ. एकदा मुलीला उतरवून घेताना काकांनी तिचं दप्तर दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं तेव्हा मला दिसलं की त्यांचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत डाव्यापेक्षा चांगलाच काळा पडलाय, जणू दोन वेगळ्या माणसांचे हात. खिडकी उजव्या बाजूला, रोजचं ऊन त्याच हातावर. त्या वर्षी आम्ही उन्हाचे कॉटनचे स्लीव्हज दिले, दोन जोड, दोन-तीनशे रुपये झाले असतील, आणि ते काकांनी दुसऱ्या दिवसापासून घातले. आत्तापर्यंत दिलेल्यात मला सगळ्यात समाधान त्याचं वाटलं.

अशा रोज हाताला लागणाऱ्या वस्तू शोधा. एक लिटरची थंड-गरम राहणारी स्टीलची बाटली (एप्रिलमध्ये गाडीतलं प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी अक्षरशः चहासारखं होतं), दिवसभर बसून पाठीला घाम येतो त्यासाठी लाकडी मण्यांचं सीट कव्हर, शर्ट-पँट दोन्ही असलेला जाड रेनकोट कारण मुलांना भिजू न देता चढवता-उतरवताना भिजतात ते काकाच, चांगला टॉर्च, घट्ट बसणारा मोबाईल होल्डर. रेनकोट घेताना एक साइज मोठाच घ्या, गणवेशावरून चढवायचा असतो.

कपडे द्यायचे असतील तर खाकी कापड द्या पण शिलाईसकट द्या. शर्टपीस-पँटपीसचा बॉक्स दिसायला छान दिसतो पण आजकाल शिलाई कापडापेक्षा महाग पडते, म्हणजे आपण भेट म्हणून त्यांना खर्चच लावून देतो. कापडाच्या पिशवीत शिलाईचे पैसे घाला, नाहीतर त्यांच्या टेलरकडे आपणच पैसे भरून या.

चष्म्याचं मला आवर्जून सांगायचंय. आमचे काका मेसेज वाचताना फोन लांब धरायचे, हात पूर्ण सरळ करून, मान मागे घेऊन, आणि तरी "मॅडम तुम्हीच वाचून सांगा" म्हणायचे. चाळिशी सगळ्यांनाच लागते पण ज्याच्या गाडीत आपली पोरं बसतात त्याचे डोळे तपासलेले हवेत ना. आम्ही चौदा पालकांनी दोनशे-दोनशे काढले, २८०० रुपये जमले, एका बाबांनी स्वतः काकांना चष्म्याच्या दुकानात नेलं, डोळे तपासून जवळचा-लांबचा दोन्ही नंबरचा चष्मा करून घेतला. हे सांगताना मात्र जपून सांगा, "तुम्हाला दिसत नाही" असं वाटायला नको. आमचे ते बाबा म्हणाले, मी पण करायला चाललोय, चला बरोबर जाऊ, आणि खरंच दोघांनी केला.

अजून एक गोष्ट जी दुकानात मिळत नाही. बँक खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला फक्त २० रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाखांचं कव्हर मिळतं, वय १८ ते ७०, आणि ते १ जून ते ३१ मे असं चालतं. दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या माणसाकडे हे असायलाच हवं. बऱ्याच जणांना माहिती असतं पण फॉर्म भरायचा राहून जातो. अर्धा तास त्यांच्याबरोबर बसा, नॉमिनीचं नाव नीट लिहून घ्या, ही पण भेटच आहे.

आता पैशांचं. खूप जणांना पाकीट द्यायला संकोच वाटतो, मला तरी तो अजिबात नकोय. आपल्याकडे दिवाळीची पोस्त द्यायची पद्धत जुनी आहे, त्यात कमीपणा कोणालाच नाही. ५०१, १००१, जे जमेल ते, वर रुपया चिकटवलेलं पाकीट. पण मी म्हणेन की दिवाळीपेक्षाही पाकिटाची खरी गरज मे महिन्यात असते. बऱ्याच ठिकाणी व्हॅनचे पैसे दहा महिन्यांचेच असतात, कुठे मे चे अर्धे, आणि नेमकं तेव्हाच गाडीचं पासिंग, इन्शुरन्स, टायर, सीटची दुरुस्ती असं सगळं एकदम अंगावर येतं, आणि शाळा उघडणार जूनच्या मध्याला, विदर्भात तर अजून उशिरा. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा किती व्हॅन महिनोन् महिने सोसायट्यांच्या बाहेर धूळ खात उभ्या होत्या आणि काका लोक भाजी विकत होते ते आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणून तुमच्याकडे मे चे पैसे द्यायचे नसले तरी जमलं तर द्या, पूर्ण नाही तर अर्धे. आणि गाडी मालकाची असेल तर ते थेट काकांच्या हातात द्या.

वर्गणी काढायची असेल तर एकानेच जमा करायची, ज्याला जमेल त्याने जमेल तेवढी, आणि कोणी किती दिले ती यादी ग्रुपवर टाकायची नाही. प्लीज. एखाद्याच्या घरी त्या महिन्यात अडचण असते.

काय देऊ नये ते पटकन सांगते. दिवाळीला मिठाईचे बॉक्स नकोत, प्रत्येक घरातून एक म्हणजे पंधरा बॉक्स होतात आणि काकांना शुगर असली तर अजूनच वाईट, त्यापेक्षा घरचा फराळ डब्यात द्या, चकली-चिवडा. फोटोफ्रेम, शोपीस, कॉफीचे मग नकोत. काचेसमोर लटकवायचं काहीही नको, समोरचं दिसायला अडथळा होतो.

बस शाळेची असेल तर आधी शाळेच्या ऑफिसमध्ये विचारा, काही शाळांना रोख पैसे दिलेले चालत नाहीत, मग वस्तू द्या पण सगळ्यांसमोर द्या म्हणजे काकांना कोणी नंतर काही विचारायला नको. आणि बसमधल्या मावशींना विसरू नका. दारात उभं राहून वीस-पंचवीस पोरं आणि त्यांची दप्तरं त्या आत ओढून घेतात, ओकारी झाली तर पुसतात, झोपलेल्याला स्टॉपवर जागं करतात. काकांना जेवढ्याचं द्याल तेवढ्याचंच त्यांना द्या. आमच्याकडे पूर्वी मोठ्या मुलाच्या बसला मावशी होत्या, त्यांना एकदा साडी दिली तर म्हणाल्या छान आहे पण मला चांगली चप्पल हवी होती, दिवसभर उभी असते. तेव्हापासून मी विचारूनच घेते.

कधी द्यायचं? शाळेचा शेवटचा आठवडा बेस्ट. दसरा पण छान, त्या दिवशी काका गाडी धुऊन झेंडूचा हार घालतात, पूजा करतात, तेव्हा नारळ आणि पाकीट. काकांची ईद असेल तर ईदच्या आधी द्या म्हणजे खरेदीला उपयोगी पडतं. फक्त सकाळी देऊ नका. सकाळी प्रत्येक स्टॉपला त्यांच्याकडे मिनिटभर असतं आणि मागे हॉर्न वाजत असतात. तुमचं पोर शेवटच्या स्टॉपचं असेल तर दुपारी तिथे, नाहीतर फोन करून वेळ विचारा.

आणि द्यायचं मुलाच्या हातून, बरोबर त्याने लिहिलेली चिठ्ठी. "थँक यू काका" एवढंच नको, मुलाला विचारा काका काय करतात जे तुला आवडतं, आणि ते लिहू दे. मागच्या पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला, सगळं ट्रॅफिक तुंबलं आणि आमची मुलं दोन तास गाडीत अडकली तेव्हा काकांनी दर वीस मिनिटांनी एकेका घरी फोन केला आणि पोरांना पारले-जीचे पुडे घेऊन दिले. माझ्या मुलीने चिठ्ठीत लिहिलं, "तुम्ही मला शेवटचं बिस्कीट दिलत". दिलत वर अनुस्वार नव्हता, मी तो घातला नाही.