गोडो शिकताना डेमो कसे उघडावेत आणि ॲडऑन कधी घ्यावेत

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावी बसून गेम बनवायला शिकणाऱ्या मुलाजवळ बहुधा मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप, मोबाइलचा हॉटस्पॉट आणि संध्याकाळचे दोन-अडीच तास एवढेच भांडवल असते. एवढ्यावर गोडो हे गेम बनवण्याचे इंजिन व्यवस्थित चालते, कारण ते इन्स्टॉल करावे लागत नाही. झिप सोडवली की आतली फाइल थेट चालवता येते. खुआन लिनिएट्स्की आणि एरिएल मान्झूर या अर्जेंटिनाच्या दोघांनी घडवलेले हे इंजिन २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुले झाले. त्यामुळे त्याला शुल्क नाही आणि बनवलेल्या गेमच्या कमाईत इंजिनवाल्यांचा वाटाही नाही. खरी अडचण पुढे येते. या इंजिनसाठी अधिकृत नमुना प्रकल्पांचा, म्हणजे डेमोंचा, मोठा संच उपलब्ध आहे आणि लोकांनी लिहिलेली ॲडऑनही, म्हणजे इंजिनला जोडायचे तयार भागही, भरपूर आहेत. यातले काय केव्हा उघडावे हे ठरले नाही, तर महिना निघून जातो आणि स्वतःचे असे काही तयार होत नाही. माझे मत असे, की डेमो पहिल्या दिवसापासून घ्यावेत. ॲडऑन मात्र तेच काम स्वतःच्या हाताने, ओबडधोबड का होईना, एकदा करून झाल्यावरच घ्यावे.

सर्वांत आधी आवृत्ती जुळवावी. मार्च २०२३ मध्ये गोडो ४ आले तेव्हा इंजिनमध्ये आणि जीडीस्क्रिप्ट या त्याच्या भाषेत बरेच बदल झाले: कायनेमॅटिकबॉडी२डी या नोडचे (नोड म्हणजे गेमचा एक घटक) नाव कॅरेक्टरबॉडी२डी झाले, थांबून वाट पाहायला लावणाऱ्या यील्डच्या जागी अवेट आला, आणि पात्र हलवणाऱ्या मूव्ह-अँड-स्लाइड या फंक्शनला वेग कंसात देण्याची पद्धत जाऊन व्हेलॉसिटी (वेग) हा नोडचाच गुणधर्म झाला. हा फटका मी स्वतः खाल्ला आहे. तिसऱ्या आवृत्तीचा डेमो चौथीत उघडून, लाल ओळींनी भरलेला आउटपुट पाहत, दोष आपल्या लॅपटॉपचा आहे असे समजून मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या. डेमोंच्या अधिकृत भांडारात जुन्या आवृत्त्यांसाठी स्वतंत्र शाखा ठेवलेल्या आहेत; आपल्याकडे जी आवृत्ती आहे तिची शाखा निवडूनच झिप उतरवावी. चौथ्या आवृत्तीच्या पोटातही फरक आहेत. उदाहरणार्थ, ४.३ पासून टाइलमॅप हा छोट्या तुकड्यांनी नकाशा मांडण्याचा नोड मागे पडून त्याच्या जागी टाइलमॅपलेयर आला, त्यामुळे जुन्या लेखातला टाइलमॅपचा धडा नव्या डेमोशी जुळत नाही. जुना प्रकल्प नव्या आवृत्तीत उघडताना गोडोचा संपादक (ज्यात आपण गेम बनवतो तो प्रोग्राम) इशारा देतो. तेव्हा होकार देण्याआधी फोल्डरची प्रत काढून ठेवावी, कारण रूपांतर झालेला प्रकल्प पुन्हा जुन्या आवृत्तीत नीट उघडेल याचा भरवसा नसतो.

चांगले नेट असेल तेथे संपूर्ण संचाची झिप एकदाच उतरवून पेनड्राइव्हने घरी आणणे सोयीचे पडते. प्रोजेक्ट मॅनेजरमधील स्कॅन हे बटण दाबून ते फोल्डर दाखवले, की आतले सगळे प्रकल्प यादीत येतात. नोड आणि फंक्शनांचा संदर्भही संपादकातच असतो. एफ१ दाबले की तो नेटशिवाय उघडतो. जुन्या ग्राफिक्सवर एखादा त्रिमितीय डेमो उघडलाच नाही किंवा रखडत चालला, तर संपादकाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून फॉरवर्ड प्लसऐवजी कंपॅटिबिलिटी हा रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढण्याची पद्धत, निवडावा. भुसावळच्या मे महिन्यात लॅपटॉपचा पंखा केकाटू लागतो, त्यावर एक घरगुती उपाय म्हणजे प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या ॲप्लिकेशनखालील रन या भागात मॅक्स एफपीएस (सेकंदाला जास्तीत जास्त किती चित्रचौकटी) ३० करून चाचणी घेणे.

पहिला डेमो म्हणून ‘डॉज द क्रीप्स’ घ्यावा. शत्रूंना चुकवत राहण्याचा हा खेळ चार सीनचा (सीन म्हणजे नोडांचा जुळवलेला संच) आहे: खेळाडू, शत्रू, मुख्य सीन आणि गुणफलक. तो पुस्तकासारखा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत बसू नये; चालवावा, एक गोष्ट मोडावी, काय बिघडले ते पाहावे आणि पूर्ववत करावे. खेळाडूच्या स्क्रिप्टमध्ये वेगाचा आकडा ४०० असून दिशेच्या सदिशाला नॉर्मलाइज्ड करून, म्हणजे त्याची लांबी एक करून, मग त्या आकड्याने गुणले आहे. त्यातला नॉर्मलाइज्ड हा शब्द काढून, नुसते वेगाने गुणून खेळ चालवावा. आडवे किंवा उभे चालताना काहीच फरक जाणवत नाही. पण उजवी आणि वरची बाण-कळ एकत्र दाबली, की खेळाडू तिरका सुसाट सुटतो, कारण दोन्ही दिशांचे चारशे-चारशे मिळून कर्णाची लांबी सुमारे ५६६ होते. शाळेत घोकलेला पायथागोरस येथे डोळ्यांसमोर धावताना दिसतो.

दुसरा प्रयोग शत्रूंचा. मुख्य सीनमधला एक टायमर दर अर्ध्या सेकंदाला पडद्याच्या कडेवरून एक शत्रू सोडतो आणि तो पडद्याबाहेर गेला, की त्याच्या स्क्रिप्टमधली क्यू-फ्री ही ओळ त्याला नष्ट करते. या ओळीच्या जागी नुसते पास, म्हणजे काहीच न करणारी ओळ, लिहावे, खेळाडूच्या धडकेचा सिग्नल (धडक बसल्याची सूचना) तेवढ्यापुरता तोडून ठेवावा म्हणजे खेळ मध्येच संपणार नाही, आणि एक मिनिट गेम चालू द्यावा. पडद्यावर सर्व काही पूर्वीसारखेच दिसते. पण संपादकातल्या सीनच्या झाडात रिमोट या भागाकडे पाहिले, तर पडद्याबाहेर गेलेले शंभराहून अधिक शत्रू तेथे ओळीने उभे असतात आणि डीबगरच्या मॉनिटर्समध्ये नोडांचा आलेख चढतच राहतो. मोबाइलवर दहा मिनिटांनी गेम का अडखळतो या प्रश्नाचे एक नेहमीचे उत्तर असे सापडते.

तिसरा प्रयोग लहान आहे. धडक बसताच खेळाडूचा कोलिजन शेप, म्हणजे धडकेची आकृती, बंद करणारी ओळ सेट-डिफर्ड हे बदल थोडा नंतर लागू करणारे फंक्शन वापरून लिहिलेली आहे. तेथे थेट डिसेबल्ड बरोबर ट्रू असे लिहून पाहावे. डीबगर लगेच तक्रार करतो, कारण भौतिकीची गणना चालू असताना त्यातली आकृती मध्येच काढता येत नाही. ती तक्रार सावकाश वाचण्याची सवय लावून घ्यावी, कारण दुरुस्तीचा उपाय बहुतेक वेळा त्याच वाक्यात दिलेला असतो.

मग चित्रे बदलावीत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या यावलच्या एका मुलाने शत्रूंच्या जागी रानडुकरे आणि पार्श्वभूमीला केळीची बाग घातली. दिसायला सुरेख झाले, पण डुक्कर हातभर लांब असतानाच खेळाडू मरू लागला. चित्र लहान केले होते, धडकेची आकृती मात्र जुन्याच मापाची राहिली होती. डीबग मेनूमध्ये व्हिजिबल कोलिजन शेप्स सुरू केल्यावर ती डुकराच्या चौफेर पसरलेली दिसली. चित्र आणि आकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला मी तीनदा सांगितले होते. पटले ते त्या दिवशी.

यानंतर पंधरवडाभर पुरतील असे तीन डेमो पुरेसे आहेत: उड्या मारणाऱ्या गेमसाठी २डी प्लॅटफॉर्मर, वागणुकीच्या अवस्था वेगळ्या मांडण्यासाठी फायनाइट स्टेट मशीन आणि दोन संगणकांवरच्या खेळासाठी मल्टिप्लेयर पाँग. उरलेले गरज पडेल तेव्हा उघडावेत.

आता ॲडऑनविषयी. संपादकातल्या ॲसेटलिब या टॅबमधून ते उतरवले, की कोणत्या फाइल प्रकल्पात जाणार याची यादी दिसते. ती न वाचता इन्स्टॉल दाबू नये. सहसा ॲडऑन्स या फोल्डरखालच्या फाइलच लागतात. नमुना सीन आणि इतर पसारा यांच्यावरची खूण काढून टाकावी, मात्र परवान्याची फाइल ठेवावी, कारण एमआयटी परवान्यात ती मजकुरासह सोबत ठेवण्याची अट आहे. त्यानंतर प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या प्लगइन्समध्ये जाऊन ते सुरू करावे. हे सर्व प्रकल्पाची आधीची स्थिती गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) कमिट करून झाल्यावरच करावे. ॲडऑन काढायचे असेल तर आधी बंद करावे, मग फोल्डर पुसावे. उलट क्रमाने केल्यास ऑटोलोडच्या, म्हणजे गेम सुरू होताच आपोआप लोड होणाऱ्या फाइलींच्या, यादीत हरवलेल्या फाइलींची नावे उरतात आणि प्रत्येक वेळी त्रुटी येतात.

संवादांसाठी डायलॉजिक, कॅमेऱ्यासाठी फँटम कॅमेरा, शत्रूंच्या वागणुकीसाठी बीहेव्ह आणि चाचण्यांसाठी ‘गट’ (GUT) ही ॲडऑन उपयोगी आहेत. तरी पहिला संवाद साध्या लेबलवर स्वतः दाखवून पाहावा, म्हणजे डायलॉजिक नेमके कोणते कष्ट वाचवते ते कळते. एखादे ॲडऑन इतके उपयोगी ठरते की इंजिनच त्याला पोटात घेते: त्रिमितीय भौतिकीचे जोल्ट पूर्वी वेगळे बसवावे लागे, ४.४ पासून ते गोडोतच मिळते. म्हणून उतरवण्याआधी तीच सोय आपल्या आवृत्तीत आहे का, हे एकदा पाहून घ्यावे.

मराठी किंवा अहिराणी संवाद लिहिणाऱ्याने एक गोष्ट येथेच जाणून घ्यावी. गोडो ३ मध्ये देवनागरीची जोडाक्षरे जुळत नसत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडे. गोडो ४ मध्ये हे सुधारले आहे. पण इंजिनच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. आपल्या संगणकावर अक्षरे दिसतात ती विंडोजच्या फाँटमुळे, आणि तोच गेम ब्राउझरसाठी बाहेर काढला की चौकोन उमटतात. ‘मुक्ता’ (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा खुल्या परवान्याचा फाँट प्रकल्पात ठेवून तो प्रोजेक्ट सेटिंग्जमधील जीयूआयखालच्या थीममध्ये कस्टम फाँट म्हणून लावावा. संवाद एकेक अक्षराने उमटवायचा असल्यास लेबलचा व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर हा गुणधर्म बदलून ‘कॅरेक्टर्स आफ्टर शेपिंग’ करावा. मूळ मांडणीत ‘क्षणभर थांब’ लिहिताना आधी क, मग पाय मोडका क् आणि मगच क्ष असे अक्षर डोळ्यांदेखत रूप बदलत राहते.